शंभर टक्क्यांचा सोस

उमरग्यात लॅपटॉप-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक विंडोज मारून घ्यायला, व्हायरस काढायला, फार तर कीबोर्ड बदलायला यायचं. लॅपटॉप मोजक्यांकडंच होते, त्यामुळं बॅटरीची तक्रारही मोजकीच. आता टेबलावर येणाऱ्या मशिनांमध्ये बॅटरीचं दुखणं सगळ्यात जास्त, आणि तक्रारीचे शब्दही ठरून गेलेले. "लाइट गेली की फटकन बंद पडायलंय." "फुल दाखवतंय, पण अर्धा तासबी टिकंना." "टचपॅड वर आलाय, दबतच नाही."

इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. यातल्या खऱ्या अर्थानं वापरून संपलेल्या बॅटऱ्या थोड्याच असतात. बाकीच्या अकाली जातात त्या उन्हानं, ठेवण्याच्या पद्धतीनं आणि चार्जिंगच्या सवयींनी. वाईट याचं वाटतं की त्यातल्या कित्येक मालकांनी बॅटरी मनापासून जपलेली असते. जपूनही वस्तू हातची जाते, कारण जपायची रीत दुसऱ्याच कुठल्या तरी बॅटरीची असते. म्हणून जे पाहिलं ते लिहून ठेवतोय.

आमचं गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं. सोलापूर शंभरेक किलोमीटर, हैदराबाद दोनशेच्या वर, कर्नाटकची हद्द जवळच. स्पेअर पार्ट बाहेरून मागवावे लागतात. गिऱ्हाइकं म्हणजे आपले सरकार सेवा केंद्रवाले, जिल्हा परिषदेचे शिक्षक, एमएस-सीआयटीचे क्लास, कॉलेजची पोरं आणि पुण्या-हैदराबादला आयटीत असलेली, सणावाराला गावी येणारी मंडळी. मुरूम, गुंजोटी, तुरोरी, येणेगूर इथून माणूस खास एसटीनं बॅटरी दाखवायला येतो. त्याला तीन-चार हजारांचा खर्च सांगायचा तर आधी कारण नीट सांगावं लागतं. ते सांगता सांगताच मी या विषयात खोल गेलो.

सुरुवातीला मला नवल वाटायचं ते लोकांच्या ठाम नियमांचं. एक जण सांगायचा, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जर लावूच नये. दुसरा म्हणायचा, नवी बॅटरी आधी आठ तास सलग लावायची, तरच ती 'बनते'. तिसरा विचारायचा, घरचा इन्व्हर्टर बाराही महिने चार्जिंगला असतो, त्याचं काही बिघडत नाही, मग लॅपटॉपचंच काय? तिघांचंही बोलणं एकमेकांच्या उलट, आणि तिघांचाही अनुभव खरा. यातली मेख कळायला मला वेळ लागला. प्रत्येक नियम एका वेगळ्या बॅटरीचा होता.

पूर्ण उतरू देण्याचा नियम निकेल-कॅडमियमच्या काळातला. जुने कॉर्डलेस फोन आणि व्हिडिओ कॅमेरे त्या बॅटऱ्यांवर चालायचे. अर्धवट उतरलेली बॅटरी सतत चार्ज करत राहिलं तर ती पुढं तेवढंच काम द्यायची, म्हणून अधूनमधून तिला तळाला नेणं योग्यच होतं. पहिल्यांदा भरपूर वेळ चार्ज करण्याचा सल्लाही त्याच काळातला. इन्व्हर्टरची आणि ट्रॅक्टरची बॅटरी शिसं आणि आम्लाची. ती रिकामी पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट जमून घट्ट होतं आणि ती कामातून जाते. तिला कायम भरलेलं ठेवणं हीच तिची निगा.

लॅपटॉपमध्ये असते लिथियम-आयन बॅटरी, आणि तिची रीत या दोघींपेक्षा वेगळी. सोनी कंपनीनं ती १९९१ साली बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ती चार्ज होताना लिथियमचे आयन एका बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना माघारी येतात. साध्या सेलचं व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२ च्या आसपास असतं, उतरल्यावर तीनपर्यंत येतं. व्होल्टेज वरच्या टोकाला असेल तेव्हा आतलं द्रावण हळूहळू बिघडत राहतं. ग्राफाइटवर एक थर असतो, तो जाड होत जातो आणि लिथियम त्यात अडकून पडतं. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. उष्णतेनं हे सगळं झपाट्यानं होतं. तळाच्या टोकाला वेगळा धोका आहे, तो पुढं येईल. थोडक्यात, या बॅटरीला मधला पट्टा मानवतो. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सुखात असते. पूर्ण उतरवण्यानं तिचा काही फायदा नाही, आणि शंभरवर उभं ठेवण्यानंही नाही.

हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि टेबलावर बघणं वेगळं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बाहेरून निघायची. खालच्या दोन खिट्ट्या सरकवल्या की लांबट पॅक हातात यायचा. एक निवृत्त गुरुजी असा पॅक कापडात गुंडाळून घेऊन आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, घरी अडाप्टरवर काम करत असाल तर बॅटरी काढून ठेवा, म्हणजे झिजणार नाही. गुरुजींनी तसंच केलं होतं. "जपून ठेवली हो, वापरलीच नाही," ते म्हणाले. सल्ला अगदी वाईट नव्हता. पण बॅटरी काढली तेव्हा ती पुरती उतरलेली होती, आणि तशीच ती कपाटात दीड-दोन वर्षं पडून राहिली.

गुरुजींच्या समोरच मी पॅकचं कवच शिवणीवरून उघडलं. आत सहा सेल होते, पेन्सिल सेलपेक्षा थोडे मोठे, अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब. दोन-दोनची जोडी, अशा तीन जोड्या एकापुढं एक निकेलच्या पट्टीनं जोडलेल्या आणि बाजूला हिरवी सर्किटची पट्टी. मल्टीमीटरची टोकं पहिल्या जोडीला लावली, २.१ व्होल्ट. दुसरी जोडी २.०. तिसरी १.२. एका सेलच्या टोकाशी ओलसर चिकट डाग होता आणि त्याला थिनरसारखा गोडसर वास येत होता. गुरुजी मीटरकडं बघत होते. मी त्यांना सांगितलं, तीनच्या खाली ही बॅटरी न्यायची नसते. सेल स्वतःहून थोडा थोडा उतरत असतो, वर ती सर्किटची पट्टीही कणाकणानं खात असते. आधीच रिकामी असलेली बॅटरी त्यामुळं दोनच्या खाली जाते. तिथं आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करायला घेतलं तर तेच तांबं नको तिथं साचून आत शॉर्ट होऊ शकतं. म्हणून सर्किट अशा बॅटरीला कुलूप लावतं आणि ते कुलूप तोडायचं नसतं.

हीच गोष्ट पुढं मोठ्या प्रमाणावर बघायला मिळाली. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि शाळा, क्लास, कॉम्प्युटर लॅब बंद झाल्या. लॅपटॉप जसे होते तसे कपाटात गेले. दार उघडलं तेव्हा कुठं वर्ष, कुठं त्याहून जास्त काळ उलटला होता. ती मशिनं ओळीनं दुकानात आली. मदरबोर्ड शाबूत, स्क्रीन शाबूत, बॅटऱ्या मात्र गेलेल्या. त्याच लॅबमधल्या काही मशिनांच्या बॅटऱ्या वाचल्या होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं, ती मशिनं अर्ध्या-पाऊण चार्जवर बंद झालेली होती. काळजी कुणीच घेतली नव्हती, केवळ आकडा मधला होता म्हणून त्या वाचल्या. त्या दिवसापासून सुट्टीआधी मशीन बंद करून ठेवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला मी एकच सांगतो, पन्नास टक्क्यांच्या आसपास आणा, पूर्ण शटडाउन करा, थंड जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

आता उन्हाचं. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचं आमच्या भागातल्या घरांशी वेगळंच नातं आहे. त्यात उद्ध्वस्त झालेलं किल्लारी औसा तालुक्यात, सास्तूर तेव्हा आमच्याच उमरगा तालुक्यात. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवद अंगावर पडून माणसं गेली. त्यानंतर जड छताची धास्ती बसली आणि डोक्यावर हलका पत्रा आला. पत्र्यानं जिवाची भीती कमी केली, पण उन्हाळ्यात दुपारी त्याखाली भट्टी पेटते. त्या भट्टीत फळीवर लॅपटॉप, त्याला चार्जर, आणि आकडा शंभर. बॅटरीला यापेक्षा वाईट जागा मिळणं कठीण.

बॅटरीच्या माहितीत नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे मी दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवलेत. चाळीस टक्के चार्ज आणि २५ अंश तापमान, अशी बॅटरी वर्षभर ठेवली तर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. शंभर टक्के चार्ज आणि ४० अंश, अशी ठेवली तर उरते ६५. त्या वर्षात ती एकदाही वापरलेली नाही, हे लक्षात घ्या. लोक त्या आकड्यांपाशी थांबतात, दोनदा वाचतात. एका आजोबांनी विचारलं, "म्हंजे बाबा, नुसतं ठेवूनच गेली का ती?" होय, नुसतं ठेवूनच.

सेवा केंद्र चालवणाऱ्या एका तरुणाची गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, कारण माझी बोलण्याची पद्धत तिच्यामुळं बदलली. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. जुलैमध्ये त्याच्या केंद्रावर पहाटेपासून शेतकऱ्यांची रांग. सर्व्हर रात्री जरा बरा चालतो म्हणून रात्री उशिरापर्यंत काम. त्यात लाइट जायची. अर्ज भरून झालेला, सातबारा चढवलेला, आणि पावती निघायच्या आधी लॅपटॉप बंद. समोर सोयाबीनवाला शेतकरी, हातात आधार कार्ड. पुन्हा पहिल्यापासून सगळं. तो दुकानात आला तेव्हा पुरता कावलेला होता. "दादा, बॅटरी शंभर टक्के दाखवायली, आणि लाइट गेली की वीस मिनिटांत खेळ खलास. मशीनला दोन वर्षंबी नाहीत झाली."

मी त्याच्यासमोर बॅटरी रिपोर्ट काढला. विंडोजमध्ये ही सोय आयतीच आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते. त्यात दोन आकडे बघायचे. डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना बॅटरीत किती मावत होतं, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती मावतं. त्याच्या मशीनचा पहिला आकडा होता ४२,००० मिलिवॅट-तास, दुसरा १५,०००. म्हणजे त्याचं शंभर टक्के हे नव्या बॅटरीच्या छत्तीस टक्क्यांएवढं. खाली तारखांची यादी होती. महिनोन् महिने चार्जर लागलेला आणि आकडा शंभर. बॅटरी वापरात आलेली फक्त लाइट गेल्यावर. रोजचं मशीन, पण बॅटरीला चक्र जवळपास नाहीच.

मी म्हणालो, नवी बॅटरी टाकू, पण चार्जिंगची मर्यादा साठ टक्क्यांवर लावू. तो दचकलाच. त्याचं म्हणणं सरळ होतं: आधीच लाइट टिकत नाही, आणि तुम्ही चाळीस टक्के काढून घेणार? तेव्हा मी कागदावर हिशेब मांडला. नव्या बॅटरीचे साठ टक्के म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. आज त्याच्याकडं पंधरा हजार आहेत, आणि स्क्रीन त्याला शंभर म्हणते. सायकलच्या ट्यूबमध्ये ठासून हवा भरायची आणि ती बारा महिने उन्हात उभी करायची, तसं त्यानं बॅटरीचं केलं होतं. त्याला ते पटलं. मर्यादा साठवर लावली. मशीन पत्र्याजवळच्या फळीवरून काढून खालच्या टेबलावर, फॅनच्या वाऱ्यात आणलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, मुदत जवळ येते तेव्हा, मर्यादा काढून शंभर करायची आणि गर्दी सरली की पुन्हा साठ, असं ठरलं.

त्याच्यानंतर मी गिऱ्हाइकाला तयार नियम सांगणं सोडलं. आधी विचारतो: मशीन दिवसातून किती वेळ चार्जरवर असतं? लाइट किती जाते? इन्व्हर्टर आहे का? बाहेर घेऊन जाता का? कुठं ठेवता? याची उत्तरं मिळाली की सल्ला आपोआप ठरतो. वीस ते ऐंशीचा नियम ज्या शहरात लिहिला गेला तिथं लाइट जात नसेल. इथं मॉन्सूनपूर्व वारं सुटलं, तारा एकमेकांना लागल्या की संध्याकाळ अंधारात जाते. त्या माणसाला "कधीच शंभर करू नका" म्हणणं म्हणजे त्याच्या कामाची गैरसोय करणं. शंभर जरूर करावं, पण गरज असेल तेव्हा आणि वापरण्याच्या थोडं आधी. रात्रीतून शंभर करून सकाळी पुणे गाडीत बसलात, दुपारपर्यंत वापरलं, याचं काहीही वाटून घेऊ नका. आकडा शंभरवर गेला म्हणून बॅटरी मरत नाही. महिनोन् महिने तिथंच उभी राहिली, आणि तीही गरम जागी, म्हणजे मरते.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. चार्जर लावून ठेवल्यानं बॅटरी 'ओव्हरचार्ज' होते, असं बरेच जण समजतात. चांगल्या मशीनमध्ये तसं होत नाही. शंभर झालं की सर्किट चार्जिंग थांबवतं आणि मशीन थेट अडाप्टरच्या करंटवर चालतं. त्यामुळं चार्जर लावून काम करणं हा गुन्हा नाही. उलट, चार्जर काढ-लाव करत बॅटरी उगाच उतरवणारे दुसऱ्या बाजूनं तिची चक्रं खर्च करतात. अशा बॅटऱ्या साधारणपणे तीनशे ते पाचशे पूर्ण चक्रांनंतर ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरतात. काही महागड्या मशिनांत कंपन्या हजार चक्रांचा आकडा देतात. दोनदा पन्नास टक्के वापरलं तर ते एक चक्र. म्हणून चार्जर लागलेला असू द्या, पण वरची मर्यादा लावून.

ही मर्यादा लावायची सोय बहुतेक मशिनांमध्ये असते, फक्त कुणी सांगितलेलं नसतं. लेनोवोमध्ये व्हँटेज ॲपमध्ये 'कन्झर्व्हेशन मोड' आहे. असुसमध्ये 'बॅटरी हेल्थ चार्जिंग'. डेलच्या बायोसमध्ये 'प्रायमरिली एसी यूज', किंवा आपल्याला हवा तो आकडा टाकायची सोय. एचपीच्या बऱ्याच मशिनांच्या बायोसमध्ये 'बॅटरी हेल्थ मॅनेजर'. मॅकबुकमध्ये 'ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग'. गिऱ्हाईक दुसऱ्याच कामाला आलं असलं तरी मी विचारून ही सेटिंग लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही. माझ्या मते दुकानदारानं करावं असं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

लॉकडाउनमध्येच आयटीतली पोरं पुण्या-हैदराबादहून गावी आली आणि वर्षभर, काही त्याहून जास्त, इथूनच काम करत राहिली. त्यांच्यामुळं मला उष्णतेचं दुसरं रूप कळलं. घरात रेंज नाही म्हणून गच्चीवर, शेतात लिंबाखाली, रस्त्याच्या कडेला कारमध्ये बसून मीटिंग. बंद कारच्या सीटवर राहिलेला लॅपटॉप दुपारी हात लावू नये इतका तापतो. घरात असला तर गादीवर, गोधडीवर. खालच्या जाळीतून हवा आत घेणारं मशीन, आणि जाळीच बुजलेली. एकाचं मशीन उघडलं तेव्हा पंख्याच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसला होता आणि त्याच्या अगदी शेजारी बॅटरी. त्याला वाटत होतं, कंपनीनं दिलेली बॅटरीच कच्ची. पंखा साफ केला, नवी थर्मल पेस्ट लावली, खाली लाकडी पाट ठेवायला सांगितला. बॅटरी बदलावी लागली नाही. तेव्हापासून बॅटरीची तक्रार आली की मी आधी पंखा बघतो.

कॉलेजच्या एका मुलीचा लॅपटॉप पंधरा-वीस टक्के दाखवत असतानाच अचानक बंद पडायचा. तिच्या वडिलांनी बाहेरून दोन ठिकाणी दाखवलं होतं, दोन्हीकडं बॅटरी बदलायला सांगितली होती. रिपोर्ट बघितला तर बॅटरीत अजून ऐंशी टक्क्यांच्या आसपास जीव होता. चुकत होती ती मोजमाप करणारी चिप. स्क्रीनवरचे टक्के हा अंदाज असतो. सर्किट आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत राहतं, आणि कधीच टोकापर्यंत गेलं नाही तर हिशेब सरकत जातो. अशा वेळी एकदा पूर्ण चार्ज करून, मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत वापरून, पुन्हा पूर्ण चार्ज केलं की आकडा बऱ्याचदा जागेवर येतो. ही क्रिया मोजमापासाठी असते, बॅटरीच्या तब्येतीसाठी नव्हे. वर्षातून दोन-तीनदा पुरे. दर आठवड्याला केली तर नुकसानच. त्या मुलीचं काम तेवढ्यात भागलं. वडील म्हणाले, "बरं झालं बाबा, सोयाबीनचे पैसे अजून यायचेत."

पैशाचा विषय आला म्हणून डुप्लिकेट बॅटरीबद्दल लिहायलाच हवं. मूळ बॅटरी साडेतीन-चार हजारांची असेल तर तशीच दिसणारी हजार-बाराशेला मिळते. स्टिकरवरचा आकडा मूळ बॅटरीपेक्षा मोठा असतो. हातात घेतली की वजन मात्र कमी लागतं. काही पॅक उघडल्यावर आत जुनेच सेल नवं कवच घालून बसवलेले निघाले. स्वस्तातली बॅटरी सहा महिन्यांत बसते, आणि काहींना तर तापमान कळवणारी तारच नीट नसते. अडाप्टरचंही तसंच. ६५ वॅटच्या मशीनला ४५ वॅटचा लावला की मशीन वापरताना आकडा चढतच नाही. सगळं ओरिजिनलच घ्या असा माझा हट्ट नाही. चांगल्या बनावटीची, लेखी वॉरंटी असलेली कंपॅटिबल बॅटरी घ्यायला हरकत नाही. पण बिल नसलेली घेऊ नका.

फुगलेल्या बॅटरीबाबत मात्र मी कुणाचंही ऐकत नाही. आताच्या पातळ लॅपटॉपमध्ये नळकांडी सेल नसतात, पाकिटासारखे चपटे सेल असतात. जास्त चार्ज आणि जास्त उष्णता यांत दीर्घकाळ राहिले की आत वायू साचतो आणि पाकीट उशीसारखं फुगतं. मग टचपॅड वर येतो, खालचं कव्हर फाकतं, मशीन टेबलावर डुगडुगतं. अशी मशिनं लोक तशीच महिनोन् महिने वापरतात, काही तर वरून दाबून बसवायचा प्रयत्न करतात. ते पाकीट फाटलं किंवा त्याला टोक लागलं तर आग लागू शकते. मी ती काढताना लोखंडी स्क्रू ड्रायव्हर जवळ ठेवत नाही. प्लास्टिकच्या पत्तीनं चिकटपट्टी हळूहळू सोडवतो, शेजारी वाळूची बादली असते, आणि दुकानातल्या पोराला लांब उभं करतो. काढलेली बॅटरी घंटागाडीत जात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तालुक्याच्या ठिकाणी ती साखळी नीट पोचलेली नाही, म्हणून मी अशा बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावून वेगळ्या ठेवतो आणि मोठ्या शहरातल्या अधिकृत ठिकाणी पाठवतो. सगळ्या दुकानदारांनी हे करावं, असं मला वाटतं.

या धंद्यानं मला शिकवलं ते एवढंच. एखाद्याच्या आजोबांचा नियम चुकीचा नसतो, तो वेगळ्या बॅटरीचा असतो. म्हणून गिऱ्हाइकाला खुळ्यात काढायचं नाही, कारण समजावून सांगायचं. कारण कळलं की माणूस स्वतःच्या घराला, स्वतःच्या लाइटला, स्वतःच्या कामाला लागू पडेल असा नियम स्वतः लावतो. आणि बॅटरीपेक्षा काम मोठं आहे, हेही तो विसरत नाही. विम्याचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, ऑनलाइन तास यांच्यासाठी बॅटरी घेतलेली असते. गरजेच्या वेळी ती शंभरपर्यंत नेऊन मोकळ्या मनानं वापरावी, एरवी मधल्या पट्ट्यात ठेवावी.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. आज संध्याकाळी लाइट असताना आपल्या लॅपटॉपचा बॅटरी रिपोर्ट काढून बघा आणि ते दोन आकडे वहीत तारखेसह लिहा. मशीन बहुतेक वेळ चार्जरवरच असेल तर मर्यादा साठ किंवा ऐंशीवर लावा. रोज बाहेर नेत असाल तर निघताना खुशाल पूर्ण भरा, फक्त पंधरा-वीसच्या खाली सवयीनं नेऊ नका. महिनाभर बंद ठेवायचं असेल तर अर्ध्यावर ठेवा. पत्र्याखालच्या फळीवरून, गाडीतून, गादीवरून उचलून सावलीत, टणक जागेवर ठेवा. टचपॅड वर आलेला दिसला तर मशीन त्याच क्षणी बंद करा, चार्जर काढा आणि जाणत्या माणसाकडं न्या. सहा महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट काढून ते आकडे ताडून बघा.